संगणकांतील ठेव कशावर राखावी?

आजच्या कुटुंबाची फार मोठी ठेव कपाटांत किंवा पेटींत नसून घरच्या संगणकांत असते. बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें, आजीच्या आवाजांतील ओव्या, शेतीचे हिशेब, मुलांचे निबंध हें सर्व एका लहानशा यंत्राच्या पोटांत सांठविलेलें असतें. आणि तें यंत्र एके दिवशीं पूर्वसूचना न देतां बंद पडतें. त्या ठेवीची दुसरी प्रत कशावर ठेवावी, याविषयीं विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें चार विचार मांडावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम काय राखावयाचें, हें ठरवावें. सातबाराचा उतारा हरवला तर तो पुन्हां मिळतो; गुणपत्रिकेची दुय्यम प्रत परीक्षामंडळ देतें. परंतु दिवंगत आजीची ओवी जगांतील कोणतेंही कार्यालय परत देऊं शकत नाहीं. जें पुन्हां मिळणें नाहीं, तें आधीं वेगळें काढावें. ही निवड केली म्हणजे राखावयाचा सांठा बहुधा वाटला होता त्याहून लहान निघतो, आणि काम सोपें होतें.

आतां साधनांकडे वळूं. पेनड्राइव्ह स्वस्त व खिशांत मावणारा म्हणून पुष्कळांचा त्यावर भर असतो. त्यांतील मजकूर सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपानें सांठविलेला असतो. पेनड्राइव्ह दीर्घकाळ न वापरतां पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपून जातो, आणि उष्णतेनें ही गळती वाढते. आमच्या जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन ज्यांनीं सोसलें आहे, त्यांस अधिक सांगणें नलगे. पेनड्राइव्ह ही वाहून नेण्याची वस्तु आहे, राखून ठेवण्याची नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरीं लिहिलेल्या सीडी व डीव्हीडी यांवरील रंगद्रव्य ऊन व दमट हवा यांनीं बिघडतें. शिवाय एका डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट एवढेंच मावतें. उलट एक टेराबाइटच्या बाह्य हार्ड डिस्कवर अशा दोनशेंहून अधिक डीव्हीडींचा मजकूर राहतो. ही डिस्क म्हणजे फिरणारी चुंबकीय तबकडी. हातांतून पडली तर ती दगावते. तथापि किंमत, धारणशक्ति व टिकाऊपणा यांचा मेळ पाहतां घरगुती ठेवीस तीच आज सर्वांत सोयीची होय.

मात्र केवळ पदार्थ टिकला म्हणजे काम भागलें, असें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील पवनी येथें १९६९-७० सालीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनीं उत्खनन केलें, आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष बाहेर आले. तेथील दगडांवर दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. दगड सुमारें दोन हजार वर्षें टिकला. परंतु मधल्या काळीं ती लिपि वाचणाराच उरला नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हां असे दगड पुन्हां बोलूं लागले. इंग्लंडांतील १०८६ सालचें डूम्सडे बुक आजही वाचतां येतें. परंतु त्याच्या नऊशेंव्या वर्षानिमित्त बी.बी.सी.नें १९८६ सालीं लेसर तबकड्यांवर केलेला संग्रह पंधरा-सोळा वर्षांतच वाचण्यास दुष्कर झाला, कारण त्या तबकड्या वाचणारीं यंत्रेंच दुर्मिळ झालीं. आपल्या घरांतील जुन्या फ्लॉपीची गत हीच नव्हे काय? म्हणून दर पांच-सहा वर्षांनीं ठेव नव्या साधनावर उतरवून घेतली पाहिजे.

याहून महत्त्वाचा प्रश्न जागेचा आहे. १९२० किंवा १९५० सालची नव्हे, २०२० च्या ऑगस्ट महिन्याची अखेर आठवावी. मध्यप्रदेशांतील मुसळधार पावसामुळें संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि वैनगंगेचा पूर भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व नदीकांठच्या गांवांत शिरला. ज्या घरीं संगणक व त्याची प्रत एकाच टेबलावर असेल, त्या घरीं अशा वेळीं दोहोंस एकदमच जलसमाधि मिळणार. शहाणा शेतकरी सगळें बियाणें एकाच कणगींत ठेवीत नाहीं. मग आपणच कां ठेवावें?

कोणी म्हणतील, इंटरनेटवरील भांडारांत सर्व टाकून निश्चिंत व्हावें. त्या भांडारास पूर पोहोंचत नाहीं, हें खरें. परंतु परवलीचा शब्द विसरला, खातें बंद झालें अगर भाडें थकलें, तर दार बंद होतें. शिवाय कित्येक सोयी अशा असतात कीं, संगणकावरील फाइल चुकून पुसली तर भांडारांतील प्रतही पुसली जाते. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर संगणकविषाणूनें जगभर धुमाकूळ घातला. अशा वेळीं जी डिस्क संगणकास जोडलेली नसते, तीच वांचते.

विदर्भाचाच एक जुना दाखला पहा. म्हाइंभटांनीं ऋद्धिपुरास सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी खल्जींच्या स्वारींच्या धामधुमींत नष्ट झाली, असें महानुभाव परंपरा सांगते. पुढें हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणांतून तो ग्रंथ पुन्हां उभा राहिला. पोथी गेली तरी मुखपाठ होता, म्हणून मराठीचें हें आद्य गद्य वांचलें. एकच साधन कितीही बळकट असलें तरी तें एकटें असतां दुर्बळच होय.

म्हणून आमची सूचना अशी. संगणकांतील मूळ प्रत धरून एकूण तीन प्रती असाव्या. दुसरी प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि काम होतांच ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. तिसरी प्रत घराबाहेर असावी: दुसऱ्या डिस्कवर मामांच्या वा काकांच्या गांवीं, अगर निवडक ठेव इंटरनेटवरील भांडारांत. दोन डिस्कांचा खर्च जड वाटल्यास पुन्हां न मिळणाऱ्या तेवढ्याच वस्तू तेथें ठेवाव्या.

विद्यार्थ्यांनो, हें काम घरांत तुम्हींच अंगावर घ्यावें, कारण हीं यंत्रें वडीलधाऱ्यांपेक्षां तुमच्या अधिक परिचयाचीं आहेत. प्रत घेऊन थांबूं नये. पेरणीपूर्वीं शेतकरी मूठभर धान भिजवून बियाण्याची उगवण पाहतो. त्याप्रमाणें दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत डिस्कवरील पांच-दहा फाइली उघडून पहाव्या. उघडल्या तरच प्रत आहे असें समजावें. आणि पालकांनींही त्या दिवशीं मुलांजवळ बसून, कोणत्या छायाचित्रांत कोण आहे, हें त्यांजकडून लिहवून घ्यावें; नांवांवांचून राखलेलीं चित्रें पुढच्या पिढीस परक्यांचींच वाटतील.