दुधाची परीक्षा आणि शुल्काचे रकाने

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या वाचकांना गावाकडच्या दूध संकलन केंद्रावरचा सकाळचा एक प्रश्न अजून आठवत असेल : "फॅट किती लागली?" लिटरमागे किती पैसे हाती पडणार हे त्या आकड्यावर ठरते. आपल्या राज्यात गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घनपदार्थ, या प्रमाणाला जाहीर होतो. त्याखाली दूध उतरले की कपात सुरू. गुजरात, केरळ, बिहार येथे भाषा बदलते, हिशेबाची रीत फारशी बदलत नाही. म्हणून हा आकडा ज्या यंत्रातून बाहेर पडतो ते यंत्र दूध घालणाऱ्याच्या लेखी तराजूइतकेच मोलाचे असते. यांपैकी पुष्कळ यंत्रे आयात होतात. अवरक्त किरणांवर चालणारी महागडी यंत्रे डेन्मार्कहून येतात, ध्वनिलहरींवर चालणारी स्वस्त यंत्रे बल्गेरियाहून. ती येथे उतरली की सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे प्रश्न येतो : ही वस्तू नेमकी काय आहे?

२०१९ साली हा प्रश्न माझ्यापर्यंत एका तक्रारीच्या रूपाने आला. एका राज्यातील छोट्या सहकारी दूध संघाने ध्वनिलहरींवर चालणारी काही दूध-विश्लेषक यंत्रे मागवली होती. संघाच्या दलालाने आयातपत्रात शीर्ष ८४३४ लिहिले : दूध काढण्याची यंत्रे व दुग्धव्यवसायाची यंत्रसामग्री. अधिकाऱ्याचे म्हणणे पडले की हे भौतिक व रासायनिक विश्लेषणाचे उपकरण आहे, सबब शीर्ष ९०२७. माल गोदामात अडकला, गोदामभाडे चढू लागले, आणि केंद्रांवर सगळ्यांच्या दुधाला सरासरी फॅट धरून पैसे देणे चालू राहिले. चांगले दूध घालणाऱ्याचे नुकसान आणि पाणी घालणाऱ्याचा फायदा, असा हा सरासरीचा न्याय.

सचिवांचा युक्तिवाद साधा होता. दुधाचे यंत्र दुधाच्या शीर्षात नाही घालायचे तर कुठे? ऐकायला तो पटतो, पण कायद्याच्या दृष्टीने खात्याचे म्हणणे बरोबर होते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले.

कारण असे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सुसूत्र वर्गीकरण पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. भारताने आपली शुल्कसूची तिच्या धर्तीवर १९८६ सालीच बांधून घेतली होती. पहिले सहा अंक जगभर समान, पुढचे दोन आपले. या पद्धतीचा पहिलाच नियम सांगतो की विभागांची आणि प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी आहेत. वर्गीकरण ठरते ते शीर्षाच्या शब्दांवरून आणि टिपांवरून. यंत्रसामग्रीच्या सोळाव्या विभागाची पहिलीच टीप नव्वदाव्या प्रकरणातील वस्तू विभागाबाहेर काढते. म्हणजे वस्तू विश्लेषणाचे उपकरण ठरली की ८४३४ चे दार तिला बंद. त्या शीर्षात येतात दुधावर प्रक्रिया करणारी यंत्रे : एकजिनसीकरणाची, लोण्याची, चीजची. गंमत अशी की साय वेगळी करणारे यंत्रसुद्धा तेथे नाही, ते ८४२१ मध्ये आहे. आणि निर्जंतुकीकरणासाठी दूध तापवणारी सामग्री ८४१९ मध्ये.

प्रयोगशाळेतल्या एका टेबलाकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. घनता सांगणारा लॅक्टोमीटर ९०२५ मध्ये. गर्बर पद्धतीची काचेची ब्युटिरोमीटर नळी ही प्रयोगशाळेची काचसामग्री, म्हणून ७०१७. ती नळी फिरवणारे केंद्रापसारी यंत्र ८४२१. प्रतिजैविकांचा अंश तपासणारा रासायनिक संच ३८२२. आणि विश्लेषक ९०२७. एकाच टेबलावर, एकाच दुधासाठी लागणाऱ्या पाच वस्तू पाच शीर्षांत आणि चार प्रकरणांत विखुरलेल्या आहेत. सूची वस्तूचा धर्म पाहते, तिचे गिऱ्हाईक पाहत नाही. ९०२७ च्या आतही ध्वनिलहरींचे यंत्र एका उपशीर्षात आणि अवरक्त किरणांचे दुसऱ्यात, हा भेद आहेच.

खरी अवघड जागा पुढे आहे. आता संकलन केंद्रावर वजनकाटा, विश्लेषक, संगणक आणि पावती छापणारे यंत्र असा जोडसंच बसतो. वजनकाट्याचे शीर्ष ८४२३, संगणकाचे ८४७१. हे सारे एकत्र आले तर एकच वस्तू मानायची की वेगवेगळ्या? निरनिराळे घटक मिळून एखाद्या शीर्षात वर्णिलेले एकच स्पष्ट कार्य करीत असतील तर सगळा संच त्या शीर्षात जातो, असे सोळाव्या विभागाची चौथी टीप सांगते. नव्वदाव्या प्रकरणानेही ती स्वीकारली आहे. पण 'दूध संकलन' नावाचे कार्य कोणत्याच शीर्षात नाही. वजन करणे एक, तपासणे दुसरे. माझ्या मते घटक वेगळे धरावेत. मात्र विश्लेषण हेच मुख्य कार्य मानून सगळा संच ९०२७ मध्ये घालणाऱ्याला मी अप्रामाणिक म्हणणार नाही. दोन जाणते अधिकारी येथे दोन निष्कर्षांवर येऊ शकतात, आणि दोन बंदरांत येतातही.

मग दलालाने ८४३४ का लिहिले? अज्ञानाने नव्हे. त्या वर्षी दुग्धव्यवसायाच्या यंत्रांवर वस्तू व सेवा कर १२ टक्के होता, विश्लेषण उपकरणांवर १८. ताजे दूध करमुक्त, त्यामुळे केवळ दूध विकणाऱ्या संघाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; सहा टक्क्यांचा फरक सरळ दूध घालणाऱ्यांच्या खिशातून जातो. पुढे १८ जुलै २०२२ पासून दुग्धव्यवसायाच्या यंत्रांवरचा दरही १८ झाला. भांडण मिटवण्याची ही एक पद्धत म्हणायची! पण तोवर ज्यांनी १२ भरले होते त्यांच्यामागे सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ चा ससेमिरा राहिलाच. साध्या चुकीसाठी दोन वर्षे मागे जाता येते, माहिती दडवल्याचा ठपका ठेवला तर पाच. आयातपत्रात यंत्राचे माहितीपत्रक जोडलेले असूनही 'दडवले' हा शब्द किती सहज लिहिला जातो, हे मी नोटिसांत वाचले आहे.

माझा आक्षेप येथे आहे. २०११ पासून आयातदाराने स्वतःच आकारणी करायची आहे. म्हणजे सूचीच्या टिपा समजून घेण्याची जबाबदारी पहिल्यांदा त्याच्यावर. मोठ्या कंपनीकडे सल्लागार असतात. तालुक्याच्या दूध संघाकडे एक सचिव आणि एक दलाल. वाद असेल तर कलम १८ खाली हंगामी आकारणी करून, बंधपत्र घेऊन माल सोडता येतो. त्या प्रकरणात हे पहिल्या आठवड्यात व्हायला हवे होते. झाले नाही, कारण हंगामी आकारणीची संचिका पुढे लेखापरीक्षणात विचारली जाते, आणि अडवून ठेवलेल्या मालाबद्दल अधिकाऱ्याला कोणी विचारत नाही. हा दोष कुणा एका माणसाचा नाही, आपण कोणत्या गोष्टीचा जाब विचारतो याचा आहे. २०२० पासून आकारणी चेहराविरहित झाली. माल एका बंदरात आणि निर्णय घेणारा दुसऱ्या शहरात, यंत्र त्याने पाहिलेले असेलच असे नाही. ओळखीपाळखीला आळा बसला हे चांगले. पण माहितीपत्रकात काय छापले आहे त्यावर सारे अवलंबून राहिले.

दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. शेवटचे दोन अंक आपले आहेत. ९०२७ खाली दुधाच्या विश्लेषकांना स्वतंत्र आठ अंकी ओळ दिली तर वादाचा मोठा भाग संपेल, शिवाय अशी किती यंत्रे देशात येतात तेही कळेल. दुसरे, मुंबई आणि दिल्ली येथे जानेवारी २०२१ पासून सीमाशुल्काची आगाऊ निर्णय प्राधिकरणे काम करीत आहेत. अर्ज केल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा असा कायदा आहे. प्रत्येक संघाने धाव घेण्याऐवजी राज्याच्या दूध महासंघाने आपल्या आयातीसाठी एकदा अर्ज करावा. तो निर्णय कायद्याने इतरांना बांधील नसला तरी त्यातील कारणमीमांसा वाचायला मिळेल.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळयुक्त निघाले केवळ १२. पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होते. हे विष बुरशी लागलेल्या चाऱ्यातून दुधात उतरते, ते जिभेला किंवा लॅक्टोमीटरला कळत नाही. त्यासाठी वेगळे संच आणि वेगळी वाचनयंत्रे लागतील, म्हणजे वर्गीकरणाचे नवे वाद.

त्या संघाची यंत्रे अखेर फरकाची रक्कम भरून सुटली. पावसाळा संपत आला होता. सचिवांनी दूरध्वनी करून आभार मानले आणि म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी आणखी मागवायची आहेत. आता कोणता क्रमांक लिहू?" मी सांगितले, ९०२७ ८०. २०२२ च्या सुधारणेत तो उपशीर्षक्रमांक दोन भागांत विभागला गेला, तेव्हा मीच त्यांना कळवले की आता ९०२७ ८९ लिहा.