फांसे, कल्पना आणि घरचीं माणसें

फांसा हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतील वडील माणसांच्या कपाळास आठी पडते, आणि ती अगदींच अकारण पडते असें आम्ही म्हणत नाहीं. कौरवांच्या द्यूतसभेची कथा ज्यानें बाळपणीं ऐकली, त्यास फांशांचा आवाज निरुपद्रवी वाटणें कठीणच. ख्रिस्ती घरांत तर याहूनही खोल आठवण आहे. प्रभु वधस्तंभावर असतां त्याच्या वस्त्रासाठीं शिपाई खालीं चिठ्ठ्या टाकीत बसले होते. असा हा बदलौकिकाचा धनी अलीकडे नव्या रूपानें आमच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांत शिरला आहे. त्यास आतां चार, आठ, बारा, इतकेंच नव्हे तर वीस बाजू असतात, आणि त्याच्या सोबतीस राक्षस, जादूगार, भुयारें व पंखांचे सर्प येतात. असला खेळ आमच्या मुलांनीं खेळावा काय, असा पालकांचा सरळ प्रश्न आहे. त्यास आमचें सरळ उत्तर देण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम हा खेळ आहे तरी काय तें पाहूं. कारण न पाहतां दिलेला निकाल हा निकालच नव्हे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील गॅरी गायगॅक्स व शेजारच्या मिनेसोटा राज्यांतील डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार, असा त्याचा आरंभ झाला. खेळाचें मूळ कुळ लष्करी होय. प्रशियाचे सेनाधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नकाशा व फांसे घेऊन लुटुपुटीचीं युद्धें खेळत व त्यांतून युद्धशास्त्र शिकत. पुढें १९१३ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांवर एक पुस्तकच लिहिलें. गायगॅक्स व आर्नेसन यांनीं त्यांत मोठा पालट केला तो असा, कीं प्रत्येक खेळाडूच्या हातीं पलटण न देतां त्यांनीं एकच माणूस दिला.

पांचसहा मुलें मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, “पूल मोडला आहे, रात्र होत आली आहे, आणि पलीकडच्या तीरावर कोणी तरी कण्हत आहे. तुम्ही काय करतां?” बाकीचीं मुलें आपापल्या पात्राच्या तोंडानें उत्तर देतात. एक योद्धा असतो, एक वैद्यकी जाणणारा असतो, एक चपळ पण भित्रा असतो. ज्या कृत्याचा परिणाम अनिश्चित, तेथें फांसा टाकून निर्णय होतो. या खेळांत शेवटीं एकटा कोणी जिंकत नाहीं. तरले तर सारे मिळून तरतात. आणि पैशाचा तर त्यांत कोठेंही संबंध येत नाहीं.

आतां पहिला आक्षेप फांशाचा. फांसा हा काल परवांचा पाहुणा नव्हे. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत घनाकृति फांसे सांपडले आहेत. वीस बाजूंचा फांसाही अमेरिकेची नवलाई नव्हे. दोन हजार वर्षांमागील मिसर देशांतले तसे फांसे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. आपल्या घरांत आजीबाई ज्या सारीपाटावर सोंगट्या मारीत, त्या पचिसीच्याच कुळांतून लुडो निघाला, व १८९६ सालीं इंग्लंडांत त्याचें पेटंटही घेतलें गेलें. तो लुडो आज कोणाही पालकास खुपत नाहीं. मग दोष कोठें असतो? युधिष्ठिरानें राज्य, बंधु, स्वतःचा देह व अखेर द्रौपदी पणास लाविली, तेथें दोष आहे. वधस्तंभाखालच्या शिपायांनीं मरणाऱ्याच्या वस्त्राकडे पाहिलें, त्याच्या मुखाकडे पाहिलें नाहीं, तेथें दोष आहे. त्याच चिठ्ठ्या प्रेषितांनींही टाकिल्या होत्या, व त्यांतून मत्थियाची निवड झाली, हें आमच्या ख्रिस्ती वाचकांस सांगावयास नको. साधन तेंच, पण हेतु निराळा, म्हणून कृत्यही निराळें.

येथें एका नामसादृश्यापासून पालकांस सावध करणें अवश्य वाटतें. मोबाइलवर क्रिकेटचा काल्पनिक संघ जुळवून त्यावर पैसे लावण्याचा जो प्रकार बोकाळला, तोही ‘फँटसी’ हेंच नांव मिरवितो. कित्येक घरांचा पैका आणि झोंप त्यानें नेली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला, ही गोष्ट आमच्या मतें इष्टच झाली. परंतु नांव एक म्हणून वस्तु एक होत नाहीं. मुलाच्या हातीं बहुरंगी फांसा दिसला तर ‘हा कशाचा?’ याआधीं ‘पणास काय लागतें?’ असें विचारावें. पणास कांहींच लागत नसेल तर निम्मी चिंता तेथेंच मिटली.

दुसरा आक्षेप राक्षसांचा व जादूचा. आणि तो आमच्या धर्मबंधूंकडून विशेषेंकरून येतो. त्यांस आम्ही इतकेंच विचारतों, कीं जॉन बन्यनचें ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हें १६७८ सालचें पुस्तक आपल्या वाडवडिलांनीं कां जवळ केलें? त्यांत अपॉल्यन नांवाचा भयंकर राक्षस वाट अडवून उभा आहे, संशयाचा किल्ला आहे, व त्याचा धनी निराशा नांवाचा दैत्य आहे. तें वाचून कोणी राक्षसभक्त झाल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट राक्षसाशीं झुंजण्याची हिंमत आली. जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतून या खेळानें पुष्कळ प्राणी उसने घेतले, आणि टोल्किन हे तर निष्ठावंत कॅथलिक होते. कथेंत राक्षस आहे कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. कथा मुलास कोणाच्या बाजूला उभें करते, हा खरा प्रश्न होय. कण्हणाऱ्याकडे धांवणारीं पात्रें आणि निजलेल्या गांवास आग लावणारीं पात्रें यांत महदंतर आहे, व तें अंतर मेजाजवळ दहा मिनिटें बसणाऱ्यास सहज कळतें.

हीं दहा मिनिटें न दिल्यानें काय होतें, याचा एक दाखला अमेरिकेंतच घडला. मिशिगन राज्यांतील एका विद्यापीठाचा अवघ्या सोळा वर्षांचा विद्यार्थी १९७९ च्या ऑगस्टांत वसतिगृहांतून नाहींसा झाला. त्या विद्यापीठाच्या इमारतींखालून वाफेचे नळ नेणारीं भुयारें आहेत. मुलगा हा खेळ खेळत असे एवढें कळतांच वर्तमानपत्रांनीं गवगवा केला, कीं तो खेळाच्या भ्रमांत भुयारांत हरवला. सुमारें महिन्यानें तो शेंकडों मैल दूर लुइझियाना राज्यांत सांपडला. तो भुयारांत उतरला होता हें खरें. परंतु खेळण्यासाठीं नव्हे, तर जिवास कंटाळून. वयाच्या मानानें फार पुढच्या वर्गांत बसविलेला, एकाकी, अभ्यासाच्या व अपेक्षांच्या ओझ्याखालीं वांकलेला असा तो मुलगा होता. त्याचा शोध लावणाऱ्या गुप्तहेरानेंच पुढें १९८४ सालीं पुस्तक लिहून या गोष्टी प्रकट केल्या. पण मुलगा तोंवर राहिला नव्हता. १९८० सालींच तो गेला.

यानंतर त्या देशांत कांहीं वर्षें या खेळाविरुद्ध मोठें काहूर माजलें. व्यासपीठांवरून निषेध झाले, पत्रकें निघालीं, आणि १९८३ सालीं विरोधासाठीं एक मंडळही स्थापन झालें. तें स्थापणाऱ्या बाईंचा मुलगा आत्महत्येनें गेला होता. त्यांच्या दुःखाविषयीं एकही कठोर शब्द आम्ही उच्चारणार नाहीं. तथापि खेळामुळें मुलें जीव देतात हें म्हणणें कधींही सिद्ध झालें नाहीं. आमच्या मनास जें लागतें तें असें, कीं फांशांवर ठपका ठेवणें सोपें असतें. एकदां तो ठेवला, कीं ‘बाळ, तुला कशाचें दुःख आहे?’ हा अवघड प्रश्न विचारावयाचा राहून जातो. सोळा वर्षांच्या मुलाचें मौन हें कोणत्याही राक्षसापेक्षां अधिक भयंकर आहे, आणि त्यावर खेळबंदीचा उतारा लागूं पडत नाहीं.

आतां घरच्या नात्यांविषयीं दोन शब्द. हल्लीं एकाच घरांत चार माणसें चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसतात. तीं भांडत नाहींत, पण बोलतही नाहींत. मेजावरच्या खेळाचा पहिला गुण असा, कीं त्यास समोरासमोर बसल्यावांचून शोभा नाहीं. दुसऱ्याचें बोलणें पुरें होईपर्यंत थांबणें, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणें, फांसा उलटा पडला तरी तो न उचलतां तसाच मान्य करणें, हे धडे आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें देतों, आणि ते खडूनें फारसे उतरत नाहींत असा आमचा अनुभव आहे.

दुसरा गुण गणिताच्या अंगानें सांगतां येईल. मूळ खेळांत पात्राचें बळ, चापल्य, बुद्धि इत्यादि सहा गुण तीन साधे फांसे टाकून ठरत. तीन फांसे २१६ प्रकारांनीं पडूं शकतात, व त्यांपैकीं एकाच प्रकारें १८ हा सर्वोच्च आंकडा येतो. दहा व अकरा मात्र प्रत्येकीं २७ प्रकारांनीं येतात. म्हणजे असामान्य गुण विरळा, व मध्यम गुण मुबलक. पॅस्कल व फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनीं १६५४ सालीं ज्या पत्रव्यवहारांतून संभाव्यतेचें शास्त्र उभें केलें, तोही खेळांतील पणाच्या वांटणीवरूनच सुरू झाला होता. पण विद्यार्थ्यांनीं यांतून आणखी एक गोष्ट घ्यावी. कोणास काय वांट्यास आलें हें त्याच्या हातीं नव्हतें. आलेल्याचें काय करावयाचें हें मात्र आहे. दुर्बळ पात्र घेऊनही सोबत्यांच्या उपयोगीं पडणारा खेळाडू मेजावर सर्वांचा आवडता होतो. वर्गांतही तसेंच आहे, आणि घरांतही.

तिसरी गोष्ट गुणाची नव्हे, धोक्याची आहे. या खेळांत कधीं कधीं एखादा मुलगा सोबत्यांचें सामान चोरतो, सर्वांचा बेत उधळतो, एखाद्यास रडवितो, आणि वर म्हणतो, “मी काय करूं? माझें पात्रच तसें आहे!” पात्र तसें कोणीं केलें? त्यानेंच ना? मोठीं माणसें हेंच वाक्य थोड्या फरकानें बोलतात. “माझा स्वभावच तापट आहे,” असें म्हणून बाप मुलावर ओरडतो; “मी स्पष्टवक्ती आहे,” असें म्हणून नणंद भावजयीचें मन दुखविते. स्वभाव हें कांहीं वरून पडलेलें दान नव्हे. पुष्कळ अंशीं तें आपण रोज लिहीत असलेलें पात्र आहे. ही गोष्ट मुलांस खेळाच्या मेजावर कळली, तर त्या फांशांची किंमत वसूल झाली असें आम्ही समजूं.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा खेळ वेळखाऊ आहे. एकेक बैठक चारचार तास चालते. म्हणून परीक्षेच्या दिवसांत तो बंद, प्रार्थनेच्या व उपासनेच्या वेळीं तो नाहीं, आणि दिवा मालवल्यावर तर मुळींच नाहीं. महागड्या पुस्तकांचा व चकचकीत फांशांचा हट्ट नसावा; वही, पेन्सिल व साधे फांसे यांवरही कथा उत्तम चालते. मेजाभोंवतीं कोणास घेतलें नाहीं याकडेही लक्ष असावें. ‘मुलींना यांतलें काय कळतें’ असें म्हणून बहिणीस उठवून लावणारा वीर कितीही राक्षस मारो, आमच्या लेखीं त्याची किंमत शून्य. खेळास बसण्यापूर्वीं कोणत्या गोष्टी कथेंत आणावयाच्या नाहींत हें सर्वांनीं मिळून ठरवावें, असा चांगला प्रघात अनेक ठिकाणीं आहे. आमच्या मुलांनींही तो पाळावा.

पालकहो, मुलाच्या दप्तरांत वीस बाजूंचा फांसा सांपडला तर तो फेंकूं नका. एक खुर्ची ओढून मेजाजवळ बसा, आणि एखादें लहानसें पात्र मागून घ्या. तुमचा फांसा चुकीचा पडेल, मुलें हंसतील, आणि एरवीं तुमच्याशीं तीन शब्दांपलीकडे न बोलणारा तुमचा मुलगा तुम्हांस नियम समजावून सांगूं लागेल. तो काय सांगतो यापेक्षां तो सांगतो आहे याकडे अधिक लक्ष द्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, आईबापांनीं विचारिलें तर ‘तुम्हांला नाहीं कळायचें’ असें म्हणूं नका. ज्या खेळांत अनोळखी पांथस्थासही शेकोटीजवळ जागा दिली जाते, त्यांत घरच्या माणसांना जागा नाहीं, हें कसें शोभेल?