बहिष्कार : विचाराचा आणि बंदुकीचा

निवडणुकीवरील बहिष्काराचे आवाहन गोंदिया जिल्ह्याला अपरिचित नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या वनपट्ट्याने नक्षलवाद्यांच्या धमक्या वर्षानुवर्षे सोसल्या. 2024 च्या लोकसभा व विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांत अर्जुनी मोरगाव आणि आमगाव विधानसभा क्षेत्रांतील मतदान सुरक्षेपोटी दुपारी तीन वाजताच आटोपते घ्यावे लागले. बंदुकीच्या धाकाने लादलेला बहिष्कार हे मत नव्हे, ती दंडेलीच होय. तिला कठोर शासन हवे, याविषयी दुमत संभवत नाही.

परंतु 'आधी रस्ता, मग मत' असा ठराव करणारे दुर्गम गावही बहिष्काराचीच भाषा बोलते. त्याची गणना कोठे करावयाची?

विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला आहे. कायद्याची व त्याने स्थापिलेल्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे, तसा प्रचार करणे, हेही त्यात 'बेकायदेशीर कृत्य' ठरते. बेकायदेशीर घोषित संघटनेच्या अशा कृत्यास 7 वर्षांपर्यंत कारावास आहे. संयुक्त समितीने विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आणला, हे योग्यच झाले. मात्र 'तत्सम' या शब्दाची वेस कोण आखणार? आजचा शासनकर्ता विवेकी असेल. उद्याच्याची हमी कोणी द्यावी? 1975 च्या आणीबाणीत सुरक्षेच्याच नावाखाली कारागृहे भरली गेली, हे आपण तरी विसरता कामा नये.

बहिष्कार हे लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतील एक सूत्र होते. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल सावरकरांना 10 रुपये दंड झाला आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे वसतिगृह सोडावे लागले. दंड करणारे नियमाने बरोबर असतील. इतिहासाने कौल कोणाला दिला?

भेद करणे अशक्य नाही. महाराष्ट्राच्याच 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने माणसाला वाळीत टाकणे हा अपराध मानला. कोणालाही मत न देण्याचा मतदाराचा निर्णय हे अभिव्यक्तीचेच अंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये 'नोटा'च्या निकालात मान्य केले. तेव्हा धमकी, हिंसा आणि तिला दिलेले साहाय्य हीच अपराधाची कसोटी असावी. केवळ आवाहन नव्हे. ठराव करणाऱ्या गावाला रस्ता द्यावा, बंदूक रोखणाऱ्याला बेडी. दोघांना एकाच कलमात बांधले, तर लाभ नक्षलवाद्यांचाच होईल.