चेहऱ्याची साक्ष

‘तिच्याकडे बघून तसं काही झालं असेल असं वाटलं नाही हो!’ सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलेले आहे. सासरच्यांकडून, पोलीस ठाण्यात, आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्याच एखादीकडूनही. तक्रार सांगताना बाई रडली नाही तर ती निर्ढावलेली, रडली तर नाटकी, चिडली तर भांडखोर. मग तिने चेहरा ठेवायचा तरी कसा?

चेहरा म्हणजे मनाचा आरसा असे आपण म्हणतो. पण त्यात काय दिसते हे बघणाऱ्यावरही अवलंबून असते. १९७६ साली अमेरिकेत जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी ९ महिन्यांच्या एकाच बाळाची फिल्म लोकांना दाखवली. डबीतून एकदम बाहुले उसळते आणि बाळ रडू लागते. बाळ मुलगा आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांना त्या रडण्यात जास्त करून राग दिसला. मुलगी आहे असे सांगितलेल्यांना भीती. बाळ तेच, रडणे तेच!

२००९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलायझा ब्लिस-मोरो यांनी चेहऱ्यांबरोबर त्या भावनेमागचे कारणही लोकांना सांगितले. तरी बाईबद्दल मत पडले की ती स्वभावानेच भावनाप्रधान. पुरुषाबद्दल, की त्याचा दिवस वाईट गेला असेल.

हे फक्त प्रयोगशाळेत घडत नाही. २०२१ साली म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका संपादकाला बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले. घटनेनंतरच्या छायाचित्रांत तक्रारदार स्त्री हसरी, आनंदी दिसते, ही गोष्ट निकालपत्रात तिच्या विरोधात मोजली गेली. गोवा सरकारने त्यावर उच्च न्यायालयात अपील केले. खटल्यातल्या बाकीच्या पुराव्याची चर्चा इथे करायची नाही. पण हसू हा पुरावा कसा होतो, हे विचारायलाच हवे. पदराखाली वळ झाकून हळदीकुंकवात हसणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या नाहीत का? नोकरी टिकवायची, चारचौघांत शोभा होऊ द्यायची नाही, म्हणून हसणे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. आणि शिकवणारेच पुढे त्या हसण्यावरून आपल्याला खोटे ठरवतात.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावाच्या साचेबंद कल्पनांबद्दल न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली. आघातानंतर प्रत्येक व्यक्ती वेगळी वागते, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. आपल्या वकील मैत्रिणींनी ती हाताशी ठेवावी.

पण सुरुवात आपल्या केंद्रातल्या नोंदवहीपासून करू या. ‘शांत वाटली’, ‘घाबरलेली दिसली’ असे शेरे आपणही लिहितो, आणि उद्या तेच कागद कोर्टात तिच्यावर उलटू शकतात. रडणे हा जसा खरेपणाचा दाखला नव्हे, तसे न रडणे हा खोटेपणाचाही नव्हे. त्यापेक्षा तिचे शब्द, तारखा, जखमा, आधी-नंतर काय घडले ते लिहावे. आणि तिच्या चेहऱ्यावर काही दिसलेच तर अर्थ आपण लावू नये, तिलाच विचारावे, ‘बाई, तुला काय वाटतंय?’