शिस्त नेमकी कुणाला लावायची?

‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो.’ आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर शिक्षकदिनाला हा मेसेज फिरतो. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मेसेज टाकणारा कुणी पोलीस असतो, कुणी तलाठी, कुणी पुण्यात कंपनीत. मारामुळे ज्याची शाळा सुटली तो तिथं काही लिहीत नाही. मग मार खाल्लेले सगळेच घडले, असं वाटायला लागतं.

मी भूम तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीपर्यंत शिकलो. पट्टी, अंगठे धरणं, कोंबडा, सगळं पाहिलंय. ‘पोरांना धाक राहिला नाही, कायद्यानं मास्तरांचे हात बांधले’ ही ओरड आता पारावर रोज ऐकू येते. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शाळांत जिला शिस्त म्हणतात, ती बहुतेक वेळा गरिबीला दिलेली शिक्षा असते.

शिक्षा कशाकशाला होते ते आठवून बघा. उशिरा आला, गैरहजर राहिला, वही आणली नाही, गृहपाठ केला नाही, गणवेश मळका. यातलं पोराच्या हातात किती असतं?

भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे ‘पोरांची शाळा आहे’ हे कारण चालत नाही. आई-बाप पहाटे फडात गेले की कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली पोरगी लागते. ती मार्च-एप्रिलात गावी परतते तेव्हा वर्गात भागाकार संपून अपूर्णांक सुरू झालेले असतात. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला विचारलं जातं, ‘इतके दिवस कुठं उंडारत होतीस?’

कायदा याच्या उलट सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, हा त्या मुलाचा हक्क आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. हे त्या पोरीपर्यंत पोचलं नसेल, तर कामात कसूर मोठ्या माणसांची झाली. तरी उभं तिलाच केलं जातं.

दुसरी गोष्ट. वर्गात कुणाचा पेन हरवला, कुणाचे दहा रुपये गेले, तर पहिलं दप्तर कुणाचं तपासतात? आमच्या वर्गात पारधी वस्तीवरच्या पोराचं तपासायचे. इंग्रजांनी 1871 साली ज्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो 1952 साली रद्द झाला. वर्गातली झडती मात्र चालूच राहिली. ज्या पोराकडं दर वेळी चोर म्हणून बघितलं जातं, ते एक दिवस शाळेत यायचं बंद होतं. मग आपणच म्हणतो, त्यांना शिक्षणाची गोडीच नाही.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर याच कायद्याच्या कलम 17 नं 1 एप्रिल 2010 पासून बंदी आहे. तरी नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत, उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी गेली. ती शाळा खासगी होती. पण उशीर झाला की अंगावर शिक्षा, ही सवय आपल्या शाळांनाही ओळखीची आहे.

मास्तरांची बाजू मला कळते. एकाच शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग, वर निवडणुकीची कामं, रोजची ऑनलाइन माहिती. दंगा करणारं, दुसऱ्याला मारणारं पोरही वर्गात असतंच. त्याला आवरायला हवं, नाहीतर बाकीच्यांचं शिकणं बुडतं. पण आवरणं म्हणजे मारणं नव्हे. मारणाऱ्या पोराला मास्तरांनी मारलं, तर मोठं झाल्यावर मारायची मुभा मिळते, एवढंच त्याला कळतं. त्याची जागा बदला, मोडलेलं त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आई-बापाशी बोला. याला वेळ आणि माणसं लागतात. ती मिळत नसतील तर भांडण जिल्हा परिषदेशी आणि मंत्रालयाशी आहे. त्याचा राग पोराच्या तळहातावर काढू नका.

आणि नियम लावायचेच तर दोन्ही बाजूंना लावा. शिक्षकानं नियमित आणि वेळेवर शाळेत यावं, पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, हेही त्याच कायद्यात, कलम 24 मध्ये लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कलम 21 सांगतं. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम. आमच्याकडं समितीचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरायचं. माझ्या आईनंही दोनदा सही केली. सभा कधी झाली ते तिला आजही माहीत नाही.

तुमच्यातले बरेच जण आता एवढे मोठे झालात की शाळेत जाऊन विचारू शकता. समितीची शेवटची सभा कोणत्या तारखेला झाली? वर्गाचे नियम पालकांसमोर ठरले का? यंदा किती पोरं ऊसतोडीला गेली, त्यांतल्या कितींच्या हातात हमी कार्ड दिलं? दसऱ्याच्या आधी विचारा. टोळ्या निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही.