पुसता येणारी रेघ

‘हौस’ हा शब्द आपल्या जुन्या घरांतून मोठ्या मानाने वापरला जात असे. कोणी हौसेने सतार धरी, कोणी हौसेने शाडूचे गणपती करी, आणि त्यावर त्याची चूल पेटत नाही म्हणून कोणी त्याला हिणवीत नसे. अलीकडे मात्र हौशी माणसाने नवे साधन हाती घेतले की वडीलधारी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. याचा उपयोग काय, हा पहिला. आणि सगळे यंत्रच करते, मग यात तुझे काय, हा दुसरा. चित्र काढण्याच्या पडद्याविषयी, ज्याला बाजारात पेन डिस्प्ले म्हणतात, हे दोन्ही प्रश्न मी गेली तीन वर्षे ऐकत आहे. पहिल्याला उत्तर देण्याचे कारण नाही. हौसेला उपयोग विचारू नये. दुसऱ्याला मात्र द्यावयास हवे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे.

आधी वस्तू कशी असते ते सांगतो. मोठ्या पाटीएवढा काचेचा पडदा, तो तारेने संगणकाला जोडायचा, आणि त्याच्यावर लेखणी टेकवून रेघ ओढायची. रेघ लेखणीच्या टोकाखालीच उमटते. याहून स्वस्त अशी एक जात आहे, तिच्यात पडदा नसतो. हात टेबलावरच्या काळ्या पाटीवर फिरतो आणि नजर समोरच्या पडद्यावर ठेवावी लागते. सवयीने तेही जमते. परंतु मला ते गळा एका खोलीत आणि कान दुसऱ्या खोलीत ठेवून गाण्यासारखे वाटले. हात आणि डोळा पुन्हा एका जागी येणे, हीच या पडद्याची खरी देणगी.

आतली करामत साधी आणि सुंदर आहे. काचेमागे बारीक तारांचे जाळे असते. त्यातून चुंबकीय लहर निघते, लेखणीतले तारेचे वेटोळे ती झेलते आणि परत पाठवते. त्यामुळे अशा लेखणीला बॅटरी लागत नाही. जपानातल्या, १९८३ साली निघालेल्या, वाकॉम कंपनीने ही रीत रूढ केली. आता इतरही अनेक जण असे पडदे करतात, आणि साधा पडदा साधारण एका बऱ्या पेटीच्या किमतीत मिळतो. हाताचा दाब मोजण्याच्या ८१९२ पायऱ्या या लेखणीत असतात. आपण बावीस श्रुतींवर पिढ्यान् पिढ्या भांडलो, त्या मानाने ही चैनच म्हणायची! पण त्या पायऱ्या यंत्रात असतात, हातात नसतात. नव्या हातात तीनच असतात: नाही, थोडा आणि फार. चौथी पायरी मिळवायला मला एक पावसाळा गेला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काच गुळगुळीत असते. कागद लेखणीला जी ओढ देतो ती तिच्यात नाही. ती यावी म्हणून वर खरखरीत पापुद्रा चिकटवतात, तर लेखणीचे प्लास्टिकचे टोक झिजते. जुन्या घडणीच्या पडद्यांत काच आणि चित्र यांच्यामध्ये फट असते, त्यामुळे टोक एकीकडे आणि रेघ केसभर दुसरीकडे दिसते. शिवाय रेघ हाताच्या मागून, क्षणाचा अंश उशिरा येते. ज्याने तबलजीबरोबर चार मैफली केल्या आहेत, त्याला हा अंश लगेच कळतो.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. यंत्राने कलेला बाट लागतो, ही समजूत निदान बडोदेकरांना तरी शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते चित्रकला आणि यंत्रविद्या एका छपराखाली आणण्यासाठीच. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकून गेले. राजा रविवर्म्याने तैलरंग आणि कॅनव्हास ही परकी साधने घेतली, १८९४ मध्ये मुंबईस छापखाना काढला, आणि त्या यंत्रातून उतरलेल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. त्यांना हळदकुंकू वाहताना यात चित्रकाराचे काय, असे कोणाच्या आजीने विचारल्याचे ऐकिवात नाही. पडद्यावर लेखणीने रेघ ओढणे हेसुद्धा काही कालचे खूळ नव्हे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ करून दाखवले ते १९६३ साली.

आम्हा गाणाऱ्यांच्या घरात तर याहून मोठे भांडण होऊन गेले आहे. रेडिओने १९४० साली पेटीला बंदी केली आणि ती तीस वर्षे टिकली. पेटीला मींड नाही, तिचे स्वर ठोकळ्यासारखे जागच्या जागी बसलेले, हा आक्षेप खराच होता. तरीही गोविंदराव टेंब्यांच्या हाती पेटी बोलली. यावरून मी इतकेच घेतो की साधनाची खोड ओळखावी, नावे ठेवीत बसू नये. या पडद्याच्या दोन खोडी मला मोठ्या वाटतात.

पहिली खोड म्हणजे रेघ मागे घेण्याची सोय. दोन कळा दाबल्या की ओढलेली रेघ नाहीशी होते, मागे डागही राहत नाही. ही लबाडी आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रियाज म्हणजे तरी काय? बिघडलेला पलटा टाकून तोच पुन्हा घेणे. मैफलीत गेलेला स्वर परत येत नाही. घरी तो शंभरदा परत येतो, आणि यावाही. अडचण निराळीच आहे. रियाजात चुकलेला पलटा कानावर पुरा पडतो. तो टोचतो, आणि टोचतो म्हणून सुधारतो. पडद्यावरची रेघ डोळ्याने नीट पाहण्याआधीच बोट कळेवर गेलेले असते. चूक पुसली जाते पण वाचली जात नाही, आणि न वाचलेली चूक हातात तशीच राहते.

यावर उपाय त्याच यंत्रात आहे. या चित्रात एकावर एक पारदर्शक थर ठेवता येतात. चुकलेले चित्र पुसू नये. ते फिके करून खाली ठेवावे आणि वर नवा थर घेऊन पुन्हा काढावे. मला याचा प्रत्यय आला तो वडिलांच्या हाताच्या चित्रात. ते विलीनीकरणापूर्वी, अगदी तरुणपणी, दरबारात गाऊ लागले. मी त्यांना उतारवयात झालो. त्यांचे फोटो आहेत ते सगळे समारंभाचे: शाल, हार, आणि हात मांडीवर. तंबोऱ्यावरचा हात एकाही फोटोत नाही. शिकवताना तंबोरा ते स्वतः धरीत. मधले बोट पंचमावर, मग तर्जनी जोडावर आणि खर्जावर. तो हात मला काढायचा होता. चौदा थर झाले. एके रात्री ते सगळे फिके करून एकदम पाहिले, तेव्हा प्रत्येक थरात मनगट तसेच ताठ उभे दिसले. वडिलांचे मनगट सैल लोंबत असे, जणू तारा आपोआपच वाजत आहेत. ताठ मनगट माझे आहे. माझे विद्यार्थी त्याची नक्कलही करतात. चौदा वेळा मी माझाच हात काढला होता. एकेक थर पुसत गेलो असतो तर हे मला कळले नसते. पंधरावा हात अजून पुरा झालेला नाही, पण तो त्यांचा आहे.

दुसरी खोड म्हणजे रेघ सावरण्याची सोय. हात कापला तरी यंत्र ती रेघ गुळगुळीत करून देते. मात्र सावरण्याचे प्रमाण वाढवावे तितकी ती लेखणीच्या मागे रेंगाळते. गाण्यात याची भावंडे आहेत. बेसूर गळा सुरात बसवणारे ‘ऑटोट्यून’ १९९७ साली आले, आणि आता सरळ केलेला सूर आणि लावलेला सूर यांतला फरक मुलांना शिकवावा लागतो. कंप नेहमीच दोष नसतो. म्हाताऱ्या गवयाच्या षड्जातला कंप हा त्याच्या आयुष्याचा हिशेब असतो. रेघेचेही तसेच आहे. अक्षरे गिरवताना सोय जरूर घ्यावी. माणसाचे तोंड काढताना ती बंद करावी.

राहता राहिला एक आक्षेप, तो चित्रकार मित्रांचा. या चित्राला मूळ प्रत नाही, म्हणतात. हातात धरावे, भिंतीला टांगावे असे काही उरत नाही. आम्हा गाणाऱ्यांना याचे भय वाटण्याचे कारण नाही. उस्ताद फैयाझ खाँसाहेब बडोद्यात ज्या रात्री गायले, त्या रात्रींची मूळ प्रत कोणाकडे आहे? ध्वनिमुद्रिका थोड्या आहेत, पण त्या सावल्या. गाणे ऐकणाऱ्यात उरते आणि गाणाऱ्याच्या गळ्यात उरते. हौशी माणसाच्या चित्राचेही खरे ठिकाण भिंत नसून त्याचा हातच आहे.

म्हणून ज्या घरात मुलगा, सून किंवा निवृत्त झालेले सासरे हा पडदा मागत असतील, त्या घराला माझे सांगणे असे: पैसे साठवा आणि घ्या. पहिले तीन महिने साधी पेन्सिल आणि वही सोबत ठेवा. रोज पहिला अर्धा तास ती मागे घेण्याची कळ वापरायची नाही, असा नेम करा. आणि चुकलेले थर जपून ठेवा. शिकवणारा घरी नसेल तेव्हा तेच शिकवतात.