मोट, इंजिन आणि मोटर

सीमाभागात मराठीचा प्रश्न निघाला की चर्चा पाट्यांवर, परिपत्रकांवर आणि जमिनीच्या उताऱ्यांवर येते. ती यावीच. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु भाषा केवळ कागदावर जगत नाही. ती विहिरीवर, गॅरेजात, कारखान्यात आणि शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला जगते. आणि मरायची झाली तर तेथेच आधी मरते. म्हणून आज आम्ही दोन अगदी साध्या शब्दांविषयी लिहीत आहोत. इंजिन आणि मोटर. या दोहोंत फरक काय, असे दहावीच्या वर्गात विचारावे. पुष्कळ मुले गोंधळतात. हाच प्रश्न त्यांच्या शेतकरी आजोबांना विचारला तर ते हसून सांगतील, 'अरे, इंजिनाला तेल लागतं, मोटरीला करंट लागतो!'

आजोबांचे उत्तर शास्त्राला धरून आहे. इंजिन इंधन जाळते. त्या जळण्यातून उष्णता, उष्णतेतून दाब आणि दाबातून गती निर्माण होते. डिझेलच्या इंजिनात हे सारे सिलिंडरच्या आत घडते. मोटरीत काहीच जळत नाही. तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहते, चुंबकीय बल निर्माण होते आणि दांडा फिरतो. तिला लागणारी वीज दूर कोठे तरी, धरणावर किंवा कोळशाच्या केंद्रात, आधीच तयार झालेली असते. इंजिन आपली शक्ती जागेवर तयार करते. मोटर दुसरीकडून आलेल्या शक्तीला गतीचे रूप देते. वीज गेली की मोटर गप्प बसते आणि शेजारच्या मळ्यातले जुने इंजिन हँडल मारताच धडधडू लागते, याचे कारण हेच.

हा भेद आपल्या लोकांनी कोणत्याही पुस्तकावाचून ओळखला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. त्या नव्या वाहनाला मराठी माणसाने नाव दिले 'आगगाडी'. समुद्रावरच्या वाफेच्या जहाजाला म्हटले 'आगबोट'. यंत्राच्या पोटात आग आहे, ही खूण त्याने अचूक हेरली. ओढणाऱ्या यंत्राचे 'इंजिन' हे नाव मात्र त्याने आहे तसे घेतले आणि आपल्या व्याकरणात बसविले. ते इंजिन, इंजिनाला, इंजिने. पुढे वीज आली तेव्हा मोटर स्त्रीलिंगी झाली. ती मोटर, मोटरीला, मोटरी. एवढ्यावर न थांबता, रस्त्यावरची ती 'मोटार' आणि विहिरीवरची ती 'मोटर' असाही भेद आपण साधारणपणे केला. घेतलेल्या शब्दाला असे लिंग, विभक्ती आणि वेगळा अर्थ देणारी भाषा दुबळी कशी म्हणावी?

क्रियापदे पाहा. इंजिन 'बसते', 'तापते', त्याचे 'काम निघते'. मोटर 'जळते' आणि मग ती 'भरून' आणावी लागते. जिच्यात आग नसावी ती जळते, कारण वेटोळे जळणे हाच तिचा मोठा आजार; आणि ज्याच्या पोटात आगच आहे ते इंजिन बसते. बोलणाऱ्याला यंत्र आतून ठाऊक असल्याशिवाय अशी भाषा घडत नाही.

या दोन्ही शब्दांचे मूळही जाणून घेण्याजोगे आहे. 'इंजिन' हा शब्द लॅटिनमधील उपजत बुद्धी, हुशारी या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पूर्वी तो किल्ल्यांच्या तटावर मारा करणाऱ्या युद्धयंत्रांनाही लावीत. 'इंजिनियर' त्याच कुळातला. 'मोटर' म्हणजे लॅटिनमध्ये हलविणारा. आपली पाठ्यपुस्तके मोटरीला 'विद्युत चलित्र' म्हणतात. ज्याने खणावे ते खनित्र, तसे ज्याने चालवावे ते चलित्र. म्हणजे चलित्र आणि मोटर यांचा अर्थ एकच निघतो. आपली 'मोट' मात्र अस्सल आणि मोटरीहून जुनी. उच्चारातले साम्य हा निव्वळ योगायोग. तरीही मोटेचे काम शेवटी मोटरीकडे आले, ही गंमत आहेच.

इंजिनाचा जन्मही पाणी उपसण्यासाठीच झाला. इंग्लंडमध्ये न्यूकोमेनने १७१२ साली उभारलेले वाफेचे इंजिन कोळशाच्या खाणीतले पाणी काढीत असे. जेम्स वॉटचे सुधारलेल्या इंजिनाचे पेटंट १७६९ चे. विजेने तार फिरविता येते हे फॅरेडेने दाखविले ते १८२१ मध्ये, म्हणजे मोटर शंभराहून अधिक वर्षांनी धाकटी. आपल्या विहिरींवरही क्रम तोच राहिला. आधी मोट, मग तेलाचे इंजिन, मग विजेची मोटर.

या इतिहासात आपल्या बेळगावलाही मानाचे स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते बेळगावात. लोखंडी नांगराचे त्यांचे काम येथेच सुरू झाले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४६ या एकाच वर्षी त्या उद्योगसमूहाची तेलाच्या इंजिनांची कंपनी पुण्यात आणि विजेच्या मोटरींची कंपनी बंगळुरात स्थापन झाली. आज उद्यमबागेतल्या ओतशाळांत आणि यंत्रशाळांत आपल्या खेड्यांतली मुले काम करतात, ती याच परंपरेची वारस होत.

वापरात हा भेद सर्वत्र काटेकोर पाळला जात नाही, हेही सांगितले पाहिजे. मोटारसायकलला मोटर नसते, इंजिन असते. कार्ल बेन्झने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या वाहनाच्या नावातच 'मोटर' होती, कारण जर्मन भाषेत दोन्ही यंत्रांना तो एकच शब्द चालतो. उलट विजेवरच्या आगगाडीचे 'इंजिन' आत पाहिले तर मोटरींवर चालते. मिरज-लोंढा मार्गावर वर्षानुवर्षे आपण पाहिलेल्या डिझेल गाड्यांत तर दोन्ही एकत्र नांदत. इंजिन जनित्र फिरवी, जनित्र वीज देई आणि त्या विजेवर मोटरी चाके फिरवीत. आता विजेवरच्या दुचाक्या खेड्यांत आल्या आहेत. त्यांत इंजिन नाही, केवळ मोटर आहे. 'मोटारसायकल' हे नाव शोभावे असे वाहन इतक्या वर्षांनी दारात उभे राहिले!

मग अडते कोठे? घरी 'मोटर', पुस्तकात 'चलित्र', आणि ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत हे मुलाला कोणी सांगत नाही. तो चलित्राची व्याख्या पाठ करतो, गुण मिळवितो आणि घरी जाऊन मोटरीचे बटण दाबतो. दोहोंची गाठ पडत नाही. पालक म्हणतात, मराठीत विज्ञान कळत नाही, इंग्रजी शाळेत घालू. तेथे तीच व्याख्या इंग्रजीतून पाठ होते, आणि आजोबांशी त्याविषयी बोलण्याची सोयही जाते. दोष मराठीचा नाही. वर्ग आणि विहीर यांच्यामध्ये आपणच जो बांध घातला आहे, त्याचा आहे.

हा बांध फोडणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. शिक्षकांनी 'मोटर' या शब्दाने सुरुवात करावी आणि मग 'चलित्र' सांगावा. परिभाषेचा शब्द टाकून देऊ नये, कारण पुढच्या पुस्तकांची वाट त्यातूनच जाते. वर्ष-सहा महिन्यांतून एकदा वर्ग विहिरीवर न्यावा, वाइंडिंग करणाऱ्या कारागिराला शाळेत बोलवावे आणि जळलेली मोटर मुलांसमोर उघडावी. वडीलधाऱ्यांनी मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द नातवंडांना समजावून द्यावेत. ती माणसे गेली की ते शब्द कोशातच शोधावे लागतील.

भाषेच्या चळवळीत काम करणारे आणि रोज फळ्यासमोर उभे राहणारे आम्ही या दोन कामांत भेद मानत नाही. मराठीत पाटी हवी, मराठीत कागद हवा, तसेच मराठीत 'का' आणि 'कसे' विचारणारा मुलगाही हवा. तो नसेल तर उद्या पाट्या मिळूनही त्या वाचणार कोण?